इंटरस्टेट १७० (मेरीलँड)

इंटरस्टेट १७० हा अमेरिकेच्या मेरीलँड राज्यातील बाल्टिमोर शहरात बांधलेला, परंतु कधीही पूर्ण न झालेला महामार्ग होय. पश्चिम बाल्टिमोरमधील फ्रँकलिन व मलबेरी या समांतर रस्त्यांच्या मधोमध, जमिनीच्या पातळीखाली खोदलेल्या या मार्गाची लांबी सुमारे दोन किलोमीटर आहे. त्याच्या दोन्ही टोकांना दुसरा कोणताही द्रुतगती मार्ग मिळत नाही. त्यामुळे तो ‘हायवे टू नोव्हेअर’, म्हणजे ‘कोठेच न जाणारा रस्ता’, या नावाने ओळखला जातो.

क्रमांकाचा अर्थ

अमेरिकेतील आंतरराज्य महामार्गांच्या तीन अंकी क्रमांकातील शेवटचे दोन अंक मूळ महामार्ग दर्शवितात. पहिला अंक सम असल्यास तो बहुधा वळणमार्ग आणि विषम असल्यास शाखामार्ग असतो. त्यानुसार १७० हा क्रमांक इंटरस्टेट ७० ची शाखा सूचित करतो. एकच तीन अंकी क्रमांक निरनिराळ्या राज्यांत वापरता येतो. मिसूरी राज्यात सेंट लुईसजवळ याच क्रमांकाचा दुसरा महामार्ग आहे.

इतिहास

फ्रँकलिन–मलबेरी पट्ट्यातून द्रुतगती मार्ग नेण्याची कल्पना नगररचनाकार रॉबर्ट मोझेस यांनी १९४४ मध्ये मांडली होती. पुढे आखलेल्या योजनेनुसार इंटरस्टेट ७० लीकिन पार्क या वनोद्यानातून शहरात येणार होता व १७० ही शाखा त्याला नगरकेंद्राशी जोडणार होती.

या शाखेसाठी ९७१ घरे, ६२ व्यवसाय आणि एक शाळा हटविण्यात आली. सुमारे दीड हजार रहिवासी विस्थापित झाले. त्यांत कृष्णवर्णीय कुटुंबे बहुसंख्य होती. शहरातील महामार्ग योजनेस अनेक वस्त्यांतून संघटित विरोध झाला. फेल्स पॉइंट परिसरातील आंदोलनातून पुढे आलेल्या बार्बरा मिकुल्स्की नंतर अमेरिकेच्या सिनेटच्या सदस्य झाल्या. लीकिन पार्कच्या रक्षणासाठी नागरिकांनी न्यायालयातही धाव घेतली. फेल्स पॉइंट व लीकिन पार्क वाचले. फ्रँकलिन–मलबेरी पट्ट्यातील घरे मात्र तोपर्यंत पाडली गेली होती.

हा तुकडा १९७९ मध्ये वाहतुकीस खुला झाला. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीस उद्यानातून जाणारा इंटरस्टेट ७० चा भाग रद्द झाला आणि शाखा उरली, पण तिचा मूळ मार्ग तिच्यापर्यंत पोहोचलाच नाही.

मार्गफलक

मूळ मार्गाशी जोडणी नसल्याने १७० हा क्रमांक निरर्थक ठरला. १९८९ मध्ये तो रद्द करून या तुकड्यावरून यू.एस. ४० हा जुना राष्ट्रीय मार्ग नेण्यात आला. त्यामुळे आंतरराज्य मार्गाच्या लाल-निळ्या ढालीची जागा यू.एस. मार्गाच्या काळ्या-पांढऱ्या ढालीने घेतली.

इंटरस्टेट ७० शहराच्या पश्चिम सीमेजवळच थांबला. तेथून पश्चिमेकडे निघणाऱ्या वाहनांसाठी लावलेल्या एका फलकावर कोलंबस ४२०, सेंट लुईस ८४५, डेन्व्हर १७०० व कोव्ह फोर्ट २२०० मैल अशी अंतरे होती. यूटा राज्यातील कोव्ह फोर्ट हे या महामार्गाचे दुसरे टोक आहे.

सद्यस्थिती

पश्चिमेकडील अर्धवट टोकाचा काही भाग २०१० मध्ये तोडण्यात आला व तेथे वेस्ट बाल्टिमोर रेल्वे स्थानकासाठी वाहनतळ करण्यात आला. मार्गाच्या रुंद दुभाजकातून ‘रेड लाइन’ ही नागरी रेल्वे नेण्याची योजना २०१५ मध्ये राज्यपाल लॅरी होगन यांनी रद्द केली. २०२३ मध्ये राज्यपाल वेस मूर यांनी ती पुन्हा हाती घेतली. त्याच वर्षी, रस्त्याने विभागलेल्या वस्त्या पुन्हा जोडण्याच्या नियोजनासाठी संघीय सरकारने शहराला २० लाख डॉलरचे अनुदान दिले.