दहा बोटं आणि एक पातं

आधीच सांगून टाकतो. माझं शिक्षण कॉन्व्हेंटचं. कुणी 'एकोणसत्तर' म्हटलं की मी अजूनही मनातल्या मनात 'सिक्स्टी-नाईन की सेव्हन्टी-नाईन?' असा हिशेब करतो. त्यामुळे मराठी विभागासाठी लिही, असं मॅडम म्हणाल्या तेव्हा मी चक्क पळ काढला होता. पण हा विषय असा आहे की तो आपल्या माळीकाकांना वाचता आला पाहिजे. शिवाय हा लेख लिहायला माझी दहाही बोटं शिल्लक आहेत ती त्यांच्याचमुळे. मग इंग्रजीत लिहून कसं चालेल?

तर गोष्ट सप्टेंबरमधली. सोलापूरला वर्षभरात पाऊस पडतो तो साडेपाचशे मिलीमीटरच्या आसपास, आणि त्यातला बराचसा सप्टेंबरात. उन्हाळ्यात पापडासारखं वाळलेलं हॉस्टेलसमोरचं लॉन तेव्हा गुडघ्यापर्यंत येतं. एन.एस.एस.चं श्रमदान होतं. काका त्यांचं 'गवताचं मशीन' चालवत होते आणि आम्ही पोरं कापलेलं गवत गोळा करत होतो. काका चहाला गेले. मी म्हटलं, त्यात काय एवढं? इंजिनिअरिंगचा विद्यार्थी आहे मी! मशीन हातात घेतलं, दहा-बारा फूट ढकललं आणि ते बंद पडलं. हॉस्टेलमधले पंखेही थांबले होते. म्हणजे लाईट गेली होती. मशीनखाली ओल्या गवताचा लगदा झाला होता. म्हटलं, लाईट येईपर्यंत साफ करून टाकू. मशीन तिरकं केलं आणि हात आत घालणार, इतक्यात मागून ओरडा आला, "काय करलालास बे? हात काढ!" काका धावत आले ते माझ्याकडे नव्हे, भिंतीकडे. आधी त्यांनी प्लग उपटला. मग माझ्यावर चिडले.

एक मिनिटही गेलं नसेल, लाईट आली. मशीनवरचा स्विच मी बंद केलाच नव्हता. तो 'ऑन'च होता.

त्या रात्री मला झोप लागली नाही. मग एक उद्योग केला. मशीनवरची प्लेट वाचली, वही काढली आणि गणितं मांडली. तीच आता तुमच्यासमोर ठेवतो.

हे मशीन आलं कुठून?

गंमत म्हणजे लॉनमोवरचा जन्म बागेत झाला नाही, तो झाला कापडाच्या गिरणीमुळे! इंग्लंडमध्ये ग्लॉस्टरशायर परगण्यात स्ट्राऊडजवळ एडविन बडिंग नावाचा एक कारागीर होता. त्या भागात लोकरी कापडाच्या गिरण्या होत्या. विणलेल्या कापडावरची लव एकसारखी कापायला तिथे एक यंत्र असे, त्यात गोल फिरणाऱ्या दंडावर पीळदार पाती बसवलेली असत. बडिंगच्या डोक्यात आलं, कापडावरची लव अशी कापता येते तर जमिनीवरची का नाही? 1830 साली त्याने पेटंट घेतलं. 1877 साली जिथे कापड गिरणी उभी राहिली, आणि जिची चादर नि टॉवेल घराघरात आहेत, त्या सोलापूरच्या माणसाला ही कल्पना परकी वाटायला नको. मखमली टॉवेलचे फासे कापून सारखे करणारं शिअरिंग मशीन त्याच जातीचं आहे.

बडिंगचं मशीन कात्रीसारखं कापायचं. पीळदार पातं खालच्या स्थिर पात्याला घासून जायचं आणि मध्ये सापडलेलं गवत कापलं जायचं. आपलं हॉस्टेलचं मशीन वेगळं. त्यात आडवं, सपाट, एकच पातं पंख्यासारखं फिरतं. खाली आधाराला दुसरं पातं नाही. मग गवत वाकून निसटत का नाही? तर त्याला वाकायला वेळच मिळत नाही. म्हणजे इथे धारेइतकंच महत्त्व वेगाला आहे. आणि धोकासुद्धा तिथेच आहे.

जरा आकडेमोड

आपलं मशीन सिंगल फेज, 2 एच.पी., मिनिटाला 2800 फेरे. पातं 18 इंची, म्हणजे सुमारे 457 मिलीमीटर. पात्याचं टोक एका फेऱ्यात साधारण 1.44 मीटर जातं. सेकंदाला जवळजवळ 47 फेरे. गुणाकार केला की उत्तर येतं सेकंदाला 67 मीटर, म्हणजेच ताशी 240 किलोमीटर! आपल्या पुणे हायवेवर कुठलीही गाडी या वेगाने धावत नाही. आणि हे सगळं आपल्या चपलेपासून हातभर अंतरावर चालू असतं.

पात्याचं वजन एक किलो धरा. फिरताना त्यात साठलेली ऊर्जा साधारण 750 जूल भरते. 75 किलोचा माणूस एक मीटर उंचीवरून पडला तर जेवढी, तेवढी. स्विच बंद केला म्हणून ती जादूने नाहीशी होत नाही. पातं काही काळ फिरतच राहतं. म्हणून अमेरिकेत 1982 पासून असा नियम आहे की चालत ढकलायच्या मोवरचं हँडल सोडल्यावर पातं 3 सेकंदांत थांबलंच पाहिजे. आपल्या मशीनला असा ब्रेक नाही. तेव्हा आवाज थांबला म्हणजे पातं थांबलं, असं समजू नका.

आता दगड. आपल्या काळ्या मातीत मुरूम आणि खडे काही कमी नाहीत. 50 ग्रॅमचा खडा पात्याला लागून समजा सेकंदाला 40 मीटर वेगाने उडाला, तर त्याची ऊर्जा होते 40 जूल. ताशी 80 किलोमीटरने आलेल्या क्रिकेटच्या सीझन बॉलमध्येही जवळपास तेवढीच असते. फरक एवढाच की बॉल गोल आणि मोठा असतो, खडा लहान आणि टोकदार. ग्लोव्हज, पॅड, हेल्मेट न घालता सीझनवर खेळायला आपण उभे राहत नाही, आणि इथे मात्र बर्म्युडा आणि स्लीपर घालून उभे!

लाईट येते तेव्हा

माझ्या बाबतीत नेमकं काय झालं असतं? साधा स्विच एकदा 'ऑन' केला की 'ऑन'च राहतो. लाईट जाते, येते, त्याला काही पत्ता नसतो. पंख्याच्या बाबतीत ही सोय आहे. पात्याच्या बाबतीत तो सापळा आहे.

यावर उपाय आहे, आणि तो जुनाच आहे. विहिरीवरच्या मोटारीचा स्टार्टर पाहिलाय? हिरवं बटण दाबलं की आतल्या कॉइलमध्ये करंट जातो, तिचं चुंबक होतं आणि ते संपर्क ओढून धरतं. बटण सोडलं तरी कॉइल स्वतःच्याच संपर्कातून करंट घेत राहते. लाईट गेली की चुंबक संपलं, संपर्क सुटला. लाईट परत आली तरी मोटार सुरू होत नाही, कुणीतरी पुन्हा बटण दाबावं लागतं. याला नो-व्होल्ट संरक्षण म्हणतात. आता शेतावर रात्री-अपरात्री लाईट येते म्हणून शेतकरी मुद्दाम ऑटो स्विच बसवतो, की मोटार आपोआप सुरू व्हावी. पाण्याच्या मोटारीला ते चालतं. पातं असलेल्या यंत्राला कधीही नाही.

दुसरी एक गोष्ट. लाईट असताना गवत अडकून पातं थांबलं, आणि मोटार नुसती गुणगुणत असली, तर ते मशीन बंद नाही. ते अडवलेलं आहे. काठीने जरी लगदा काढला तरी पातं उसळून फिरणार. म्हणून क्रम पाठ करा: आधी स्विच, मग प्लग, मग वाट पाहणे, मग काठी. हात शेवटपर्यंत नाही.

वायर आणि पाणी

गवत ओलं, पाय ओले, आणि मागे पन्नास मीटर वायर. पात्याखाली वायर आली तर? मुख्य बोर्डावर 16 अँपिअरची एम.सी.बी. आहे ना, असं कुणीतरी म्हणेल. हिशेब करा. ओल्या अंगाचा रोध हजार ओहमच्या आसपास धरला तर 230 व्होल्टला शरीरातून जाणारा करंट होतो 0.23 अँपिअर. 16 अँपिअरच्या एम.सी.बी.ला हा करंट म्हणजे हत्तीच्या पाठीवरची मुंगी. पण हृदय बंद पाडायला तो पुरेसा आहे. एम.सी.बी. वायरिंगला वाचवते, माणसाला नाही. माणसासाठी असते आर.सी.सी.बी. गेलेला करंट आणि परत आलेला करंट सारखे आहेत का, हे ती सतत पाहते. 30 मिलीअँपिअरचा फरक पडला की सेकंदाच्या अंशात सप्लाय तोडते. (पाणी तापवायचा रॉड बादलीत टाकून बाहेर पेपर वाचत बसणाऱ्या बंधूंनी हा परिच्छेद दोनदा वाचावा.)

आणखी एक. इस्त्रीची पाव इंची एक्स्टेन्शन वायर इथे लावू नका. 0.75 चौरस मिलीमीटरच्या 50 मीटर वायरचा जाऊन-येऊन रोध अडीच ओहमच्या वर जातो. 10 अँपिअरला अडीचशे वॉट नुसते वायरीतच उष्णता होऊन जातात. वायर रिळावर गुंडाळलेलीच असेल तर ती उष्णता बाहेर पडत नाही आणि इन्सुलेशन वितळतं. म्हणून जाड वायर घ्या, आणि रीळ पूर्ण उलगडा.

काकांचे नियम

ही गणितं मी केली, पण नियम काकांचेच आहेत. ते कुठल्याही पुस्तकातले नाहीत, तरी प्रत्येकामागे कारण आहे.

आधी लॉनवरून मोकळं चालून यायचं, आणि खडे, तारा, (हॉस्टेलची खासियत) बाटल्यांची झाकणं उचलायची. पायात पूर्ण बूट, अंगात फुलपँट. वायर उजव्या खांद्यावरून मागे. कापायला सुरुवात प्लगजवळून करायची आणि प्लगपासून लांब जायचं, म्हणजे वायर नेहमी कापलेल्या बाजूला राहते. मशीन पुढे ढकलायचं, अंगाकडे ओढायचं नाही. उतारावर आडवं चालवायचं, वर-खाली नाही, नाहीतर पाय घसरला की मशीन आपल्याकडे येतं. गवत ओलं असेल तर आज नाही, उद्या. उंच गवत एकदम बुडापर्यंत कापायचं नाही, एका वेळी वरचा तिसरा हिस्सा, म्हणजे लगदाही होत नाही आणि गवतही जळत नाही. आणि कुणी बोलायला आलं तर आधी मशीन बंद, मग बोलणं.

परदेशात आता उभं राहून चालवायचे बॅटरीवरचे मोवर आले आहेत. मागे छोट्या फळीवर उभं राहायचं आणि समोरचे दांडे धरून मशीन चालवायचं. त्यात वायर नाही, म्हणून एक भीती गेली. बहुतेक मॉडेलमध्ये फळीवरून उतरलं की पातं आपोआप थांबतं. पण वजन जास्त, वेग जास्त, त्यामुळे उतार आणि वळण यांचा धोका वाढला. शिवाय बॅटरीला लाईट जाण्याचा प्रश्नच नाही, ती कायम तयार असते! तिथे प्लगऐवजी चावी किंवा बॅटरी काढून खिशात ठेवायची, मगच खाली वाकायचं. आणि सोलापूरच्या मे महिन्यात पारा 42-43 अंशांवर असताना लिथियम बॅटरी उन्हात चार्जिंगला लावायची नाही. यंत्र बदलतं, काकांचा नियम तोच.

शेवटचं

काकांच्या डाव्या हाताची दोन बोटं अर्धीच आहेत. दोन वर्षं रोज पाहत होतो, पण कधी विचारलं नव्हतं. त्या दिवशी विचारलं. काका मंगळवेढा तालुक्यातले. ज्वारीचा मुलूख, घरोघरी कडबा, आणि कडबा कापायला कुट्टी मशीन. एका संध्याकाळी कुट्टी चालू असताना लाईट गेली. अडकलेला कडबा काढायला काकांनी हात घातला...

पुढचं त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. एवढंच म्हणाले, "स्विच चालूच व्हता. तुझ्यावानीच."

मळणीयंत्रात हात जाऊ नयेत म्हणून आपल्या देशात 1983 साली धोकादायक यंत्रांचा कायदा झाला. कायदा हवाच. पण अंधारात अडकलेल्या कडब्याशी त्या क्षणी कायदा नसतो, फक्त माणूस आणि त्याची सवय असते.

या सेमिस्टरला आम्ही तिघांनी मिनी प्रोजेक्ट म्हणून काकांच्या मशीनला नो-व्होल्ट स्टार्टर आणि 30 मिलीअँपिअरची आर.सी.सी.बी. बसवली. सरांनी 'यात नवीन काय?' असं विचारलं. नवीन काहीच नाही, सर. चाचणीसाठी आम्ही मुद्दाम मेन स्विच बंद करून परत चालू केला. मशीन गप्प राहिलं. काकांनी पुन्हा एकदा करून दाखवायला सांगितलं. मग आणखी एकदा. मग काही न बोलता भिंतीपाशी गेले आणि तरीही प्लग काढून ठेवला.

मीही आता तेच करतो.