आभाळात धाडलेला निरोप

उन्हाळ्यात आम्ही नरसी नामदेव येथे पाहुणे म्हणून गेलो होतो. हिंगोली जिल्ह्यातील कयाधू नदीकाठचे हे गाव संत नामदेवांचे जन्मगाव म्हणून सर्वांना ठाऊक आहे. रात्री लाईट गेली आणि सगळे घर बाजा घेऊन अंगणात आले. वर चांदण्यांचा सडा पडला होता. घरातील नऊ वर्षांचा मुलगा बॅटरी आभाळाकडे रोखून सारखी लावत-विझवत होता. हे कशासाठी, असे आम्ही विचारले. तो म्हणाला, "मामा, तिकडं कोणी असलं तर त्यायला कळावं, आपुन इथं हावोत म्हणून."

घरातील माणसे हसली. आम्हाला मात्र हसू आले नाही. कारण लेकराने जे केले, तेच जगातील मोठमोठे शास्त्रज्ञ करू पाहत आले आहेत.

त्याच्या बॅटरीचा उजेड चंद्राएवढे अंतर दीड सेकंदाच्या आत तोडतो. सूर्य सोडून सर्वांत जवळच्या ताऱ्यापर्यंत जायला त्याला सव्वाचार वर्षे लागतात. पण वाटेत तो इतका फाकतो, की पलीकडे कोणालाच दिसायचा नाही. म्हणून शास्त्रज्ञांनी रेडिओ लहरींचा आधार घेतला. १६ नोव्हेंबर १९७४ रोजी पोर्तो रिको बेटावरील अरेसिबो येथील प्रचंड दुर्बिणीतून एका दूरच्या तारकागुच्छाकडे एक संदेश सोडण्यात आला. तो तीन मिनिटांपेक्षाही कमी वेळात संपला.

त्यात अक्षरे नव्हती. फक्त १,६७९ खुणा होत्या. आपल्या माता-भगिनींना ठिपक्यांची रांगोळी माहीत आहे. ही युक्ती तशीच आहे. १,६७९ ठिपके सारख्या ओळींत मांडायचे म्हटले, तर २३ आणि ७३ याच हिशेबाने मांडता येतात. तसे मांडले की चित्र उमटते. त्यात एक ते दहा अंक आहेत, माणसाची आकृती आहे आणि आपली सूर्यमालाही आहे. तो तारकागुच्छ सुमारे २५,००० प्रकाशवर्षे दूर आहे. म्हणजे निरोप पोचायला २५,००० वर्षे आणि उत्तर यायला आणखी तेवढीच. ती दुर्बीण मात्र २०२० साली कोसळली. निरोप धाडणारे यंत्र गेले, निरोप अजून वाटेतच आहे.

दुसरा निरोप १९७७ सालचा आहे, आणि तो मराठीतही आहे. अमेरिकेच्या 'नासा' संस्थेने त्या वर्षी 'व्हॉयेजर' नावाची दोन याने सोडली. प्रत्येकावर सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची एक तबकडी बसवली आहे. कार्ल सेगन या शास्त्रज्ञाच्या देखरेखीखाली तिची निवड झाली. तीत ५५ भाषांतील शुभेच्छा आहेत. त्यातली एक मराठी, एका स्त्रीच्या आवाजात. पृथ्वीवरील लोकांच्या सदिच्छा तिने सांगितल्या आहेत. त्यात जात नाही, धर्म नाही, गावाचे नाव नाही.

त्याच तबकडीवर लोहाराच्या कामाचा आवाज आहे, करवतीचा आहे, मेंढरे हाकणाऱ्याचा आहे, रडणाऱ्या बाळाचा आणि त्याच्या आईचाही आहे. गोव्यातील केरी गावच्या केसरबाई केरकर यांची भैरवी आहे. ज्या कलावंत घराण्यांचे गाणे लोकांनी ऐकले पण त्यांना मान दिला नाही, अशा घराण्यातून त्या आल्या होत्या. 'व्हॉयेजर १' हे यान ५ सप्टेंबर १९७७ रोजी निघाले आणि १६ सप्टेंबरला बाईंचे निधन झाले. २०२५ साली हे यान पृथ्वीपासून सुमारे अडीच हजार कोटी किलोमीटर दूर होते. माणसाच्या हातची कोणतीही वस्तू याहून लांब गेलेली नाही.

आम्ही हे सांगितले तेव्हा मुलाने विचारले, "मामा, त्यात जयभीम हाय का?"

नाही. पाली नाही, तमिळही नाही. पृथ्वीच्या वतीने बोलणारे मूठभर होते, आणि आपल्या ओळखीतून जेवढे गोळा झाले तेवढे त्यांनी घेतले. त्यांचा हेतू वाईट नव्हता. पण सर्वांच्या नावाने कोण बोलतो, हा प्रश्न आपल्या माणसांना नवा नाही. स्टीफन हॉकिंगसारख्या शास्त्रज्ञानेही इशारा दिला होता, की अनोळखी दाराशी आपला पत्ता देण्यापूर्वी विचार करावा. हा विचार सर्वांनी मिळून करायचा, तर तो समजणारी माणसे सर्वच घरांत हवीत.

मात्र त्या तबकडीची एक गोष्ट आम्हाला फार मोलाची वाटते. ती कशी वाजवायची याच्या खुणा झाकणावरच कोरल्या आहेत, आणि वाजवायची सुईही सोबत दिली आहे. ज्याच्या हाती पडेल त्याने वाचावे. ज्ञान दडवून ठेवायचे नाही, किल्लीसकट द्यायचे. ज्यांच्या पूर्वजांना अक्षरापासून दूर ठेवले गेले, त्यांना याचे मोल वेगळे सांगायला नको.

वाचकहो, ही कामे फक्त परदेशातच होतात असे समजू नका. पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ खोडद येथे ४५ मीटर व्यासाच्या ३० रेडिओ दुर्बिणी आहेत. २०१६ साली मंगळावर उतरणाऱ्या एका युरोपीय यानाचा क्षीण आवाज त्यांनी टिपला होता. आणि नरसी ज्या जिल्ह्यात आहे, त्याच हिंगोलीत औंढा नागनाथजवळ 'लायगो-इंडिया' प्रकल्प व्हायचा आहे. त्याला केंद्र सरकारने २०२३ साली २,६०० कोटी रुपये मंजूर केले. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजांनी तो विश्वातील गुरुत्वीय लहरी टिपेल. या लहरी म्हणजे कोणाचा निरोप नव्हे. प्रचंड वस्तू एकमेकींवर आदळल्या की उठणारे ते तरंग आहेत. पण विश्वाकडे कान लावण्याचेच ते काम आहे.

या प्रकल्पावर आपली मुले नुसती माती उचलायला जाणार, की यंत्रापाशी बसायला? याचे उत्तर आज घरात गणिताची वही उघडली जाते की नाही, यावर आहे. आई-वडिलांनो, लेकराच्या प्रश्नाला हसू नका. जमल्यास २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला त्याला खोडदला न्या. तिथे त्या सुमारास विज्ञान प्रदर्शन भरते.

त्या रात्री आम्ही मुलाला एवढेच शिकवले, की बॅटरी उगाच लावू-विझवू नको. आधी दोनदा लाव, मग तीनदा, मग पाचदा, मग सातदा. हे आकडे एक आणि स्वतः यांखेरीज दुसऱ्या कशाने भागले जात नाहीत. वीज चमकते, तारा लुकलुकतो, पण असे मोजून कोणी करत नाही. मोजणारा दिसला, की पाहणाऱ्याला कळते, तिथे विचार करणारे कोणीतरी आहे. लाईट येईपर्यंत तो मोजत होता. अकरावर त्याने स्वतःच विचारले, "मामा, आता तेराच ना?"