दीड इंचाचा विवेक

इंग्लंडांत स्थायिक झालेल्या आमच्या भाच्यास जुन्या मोटारींचा नाद आहे. "मामा, गाडी दीड इंच खालीं बसवावयाची आहे," असें त्यानें कळविलें, तेव्हां धडधाकट गाडी ठेंगणी करण्याचा हा खर्च आम्हांस पोरखेळच वाटला. पुढें त्याच्या हकीकतीनें आमचें मत पालटलें. ती वाचकांसही बोधप्रद होईल म्हणून येथें देत आहों.

गाडी एम. जी. बी. जातीची, दोघांच्या बैठकीची, टप उघडतां येणारी. अबिंग्डन येथें १९६२ पासून १९८० पर्यंत, बंद टपाच्या धरून, अशा पांच लाखांहून अधिक गाड्या तयार झाल्या. मूळची तिची बैठक बसकी. परंतु अमेरिका ही तिची मोठी बाजारपेठ, आणि तेथें बंपर व दिवे ठराविक उंचीवर असावेत असे नियम झाले. तेव्हां १९७४ च्या उत्तरार्धापासून तिला काळे, जाड, रबरासारखे बंपर आले. आणि नवी रचना करण्याऐवजीं सबंध गाडीच एक ते दीड इंच उचलण्यांत आली. वळणावर गाडीस कलूं न देणारी पुढील पोलादी कांबही काटकसरीसाठीं कांहीं काळ गळली. १९७७ च्या नमुन्यापासून पुढें-मागें अशा कांबी आल्या. उंची मात्र राहिली.

कडबा उंच रचलेली बैलगाडी वळणावर कशी डोलते हें ज्यानें पाहिलें आहे, त्यास गुरुत्वमध्याचें तत्त्व निराळें शिकवावयास नको. तेव्हां भाच्याची इच्छा ही नुसती चैन नव्हे. गाडीस तिचें मूळचें आसन परत देण्याची ती इच्छा होती.

परंतु हेतु योग्य असला तरी मार्ग चुकला. एका मित्राच्या सल्ल्यानें त्यानें पुढील स्प्रिंगांचीं वेटोळीं ज्योतीनें कापविलीं. गाडी तीन इंच बसली; दिसावयास मोठी झोंकदार झाली. दुसऱ्याच दिवशीं पत्नीसह जात असतां एका उंचवट्यावर ती दाणकन् आदळली, पुढचें चाक उडालें, आणि क्षणभर हातांतील सुकाणूचें चक्र असून नसल्यासारखें झालें. सुदैवानें समोरून कोणी येत नव्हतें.

एका वृद्ध कारागिरानें त्यास कारण समजावून दिलें. ज्योतीच्या आंचेनें पोलादाचें पाणी उतरतें. वेटोळीं कमी झालीं म्हणजे स्प्रिंग आंखूड होते, तशी ताठही होते. परंतु चाकास वर सरकण्यास जागाच उरली नाहीं, तर तो ताठपणा काय कामाचा? चाकाचा दांडा रबरी अडणीवर आपटतो आणि चाक रस्ता सोडतें.

शेवटीं पुढें मापानें घडविलेल्या आंखूड स्प्रिंगा घातल्या. मागें कमानीसारखे पाटे असतात. तेथें पाटा व आंस यांच्यामध्यें ठोकळा बसवून तो लांब बोल्टांनीं आवळला. सपाट जमिनीवर चारी चाकांच्या मध्यापासून वरच्या कडेपर्यंतचें अंतर आधीं व नंतर मोजलें. सांध्यांतील रबरी बुश गाडीचा भार चाकांवर आल्यावरच आवळले. चाकांची रेषा व दिव्यांचा रोख पुन्हां साधला. पुढील स्प्रिंग दाबलेल्या स्थितींत असते. ती एकाएकीं सुटल्यास प्राणावर बेतेल, म्हणून तें काम जाणत्याच्याच हातीं द्यावें, हेंही त्यानें आवर्जून लिहिलें.

शाळेंत आम्ही आर्या शिकवीत असूं. पहिल्या चरणांत १२ मात्रा. तेरावी घातली कीं चरण लंगडतो. मुलें विचारीत, "मास्तर, एका मात्रेनें असें काय बिघडतें?" त्यांस सांगावयास आतां आम्हांस एक दाखला मिळाला आहे. भाच्याची गाडी आज दीड इंचच खालीं आहे. मागच्याइतकी झोंकदार दिसत नाहीं, असें तो म्हणतो. परंतु त्याची पत्नी पुन्हां शेजारीं बसूं लागली आहे.