सैतानी सुराचा कारखाना

बर्मिंगहॅमच्या ‘ब्लॅक सॅबथ’चा त्याच नावाचा पहिला अल्बम १३ फेब्रुवारी १९७० रोजी निघाला. त्याच्या शीर्षकगीतात गिटार षड्जावरून तीव्र मध्यमावर येते आणि तिथेच थरथरत राहते. युरोपीय संगीतशास्त्रात या अंतराला ‘संगीतातला सैतान’ म्हणत. त्यामुळे अल्बमची चर्चा जादूटोण्याभोवतीच फिरली. पण या सुराला वजन दिले ते कारखान्याने. गिटारवादक टोनी आयोमी डावखुरा. सतराव्या वर्षी, पत्र्याच्या कारखान्यातल्या कामाच्या शेवटच्या दिवशी यंत्राने त्याच्या उजव्या हाताच्या मधल्या बोटाचे आणि अनामिकेचे टोक तोडले. तारा दाबायचा हात तोच. त्याने प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणे केली, पातळ तारा लावल्या आणि दुखऱ्या बोटांना पेलतील अशा मोजक्या स्वरांत वादन बसवले. ‘हेवी मेटल’चा पाया त्या बोटांनी घातला.