कोमिसच्या तोडणीचा दिवस

सकाळी साडेसात. सप्टेंबर संपत आलाय. ल्वार नदीच्या खोऱ्यात, फ्रान्समधल्या आँजे शहराजवळ, या दिवसांत सूर्य आठच्या सुमाराला उगवतो. पानांवर दव आहे, म्हणून तोडणारे थांबलेत. तेवढ्यात नखं कापून घेतात. ‘दुआयेने द्यु कोमिस’ या नाशपतीची साल इतकी पातळ, की नखाचा ओरखडाही काळा पडतो.

साडेनऊ. दव सुकलं, तोडणी सुरू. फळ ओढायचं नाही, पिळायचं नाही. तळहातात धरून हळूच वर उचलायचं आणि आडवं करायचं. काढणीला आलं असेल तर देठ आपसूक सुटतो. नाही सुटला, तर फळ तिथेच ठेवून पुढे. ओढाताणीत देठालगतचा पुढच्या हंगामाचा डोळा मोडतो, आणि ही जात मुळातच बेताची फळणारी. हातात येतं ते बुटकं, भरदार, हिरवट पिवळं फळ. अंगावर तपकिरी खरखरीत ठिपके, उन्हाच्या बाजूला कधी गुलाबी झाक. ते पिशवीत टाकायचं नाही, ठेवायचं. एकाचा देठ दुसऱ्याच्या सालीत घुसला की दुसरं गेलंच.

बारा. जेवण. भरलेल्या क्रेटशेजारी बसूनही कुणी फळ तोंडाला लावत नाही. आज ते टणक आहे, बेचव आहे.

दोन. काही फळं आडवी कापून आयोडीनच्या द्रावणात बुडवतात. पिष्ट असेल तिथे गर निळा-काळा होतो. तो रंग किती उरलाय, यावरून उद्याच्या ओळी ठरतात. नाशपती आतून बाहेर पिकते. झाडावरच पिकू दिली, तर वरून देखणी दिसते आणि आत गाभा तपकिरी झालेला असतो. कच्ची तोडण्यातच तिचं भलं आहे.

चार. शेवटची ओळ. सगळी झाडं क्विन्सच्या खुंटावर बांधलेली, म्हणून ठेंगणी. बी पेरून ही जात मिळत नाही. १८४९ साली आँजेच्या बागायत संस्थेच्या बागेत जे रोप पहिल्यांदा फळलं, त्याचाच वंश कलमांनी इथवर आलाय.

सहा. क्रेट शीतगृहात, शून्याच्या किंचित खाली. आंब्याला अढीची ऊब लागते, कोमिसला आधी साधारण महिनाभराची थंडी. मग घरात चार-सहा दिवस. देठाजवळची मान अंगठ्याने जराशी दबली की त्याच दिवशी कापावं. गर पांढरा, लोण्यासारखा, कण जवळजवळ नसलेला. रस मनगटापर्यंत ओघळतो. गोडीला आंबटाची नेमकी धार. याहून चांगली नाशपती मला माहीत नाही.