पुराव्याची सीडी घाईत लिहू नका

जालना एमआयडीसीतल्या स्टील कारखान्यांत आपल्या समाजातली अनेक मुले पाळीवर राबतात. अपघात झाला, मजुरी बुडवली, कुणी जातीवरून शिवीगाळ केली, की सर्वात आधी मोबाईल बाहेर निघतो. पुढे वकील सांगतात, "व्हिडिओ सीडीवर घालून आणा." आपण झेरॉक्सच्या दुकानात जातो, दोन-तीन मिनिटांत सीडी हातात पडते. आणि ऐन तारखेला ती उघडतच नाही. अशी वेळ येऊ नये म्हणून सीडी कोणत्या वेगाने लिहावी, हे कार्यकर्त्यांनी समजून घेणे गरजेचे आहे.

कोऱ्या सीडीत रंगद्रव्याचा पातळ थर असतो. लेसर त्या थरावर सूक्ष्म खुणा उमटवतो. डिस्क जितकी वेगाने फिरते, तितका एकेका खुणेला कमी वेळ मिळतो. वेग फार झाला तर खुणांच्या कडा नीट उमटत नाहीत आणि वाचताना चुका वाढतात. थोड्या चुका ड्राइव्ह स्वतःच दुरुस्त करतो. म्हणून दुकानातल्या कॉम्प्युटरवर सीडी चालते आणि दुसऱ्या, जुन्या ड्राइव्हवर अडते.

आता हिशोब पाहू. सीडीचा १ एक्स म्हणजे सेकंदाला १५० केबी. डीव्हीडीचा १ एक्स सुमारे १,३८५ केबी, म्हणजे नऊपटीहून जास्त. त्यामुळे दोन्हींचे आकडे एकसारखे समजू नका. ७०० एमबीची सीडी १६ एक्सवर साधारण पाच मिनिटांत लिहून होते, ५२ एक्सवर दोन-तीन मिनिटांत. म्हणजे वाचतात जेमतेम दोन-तीन मिनिटे!

मग अगदी १ एक्सवर लिहावी का? तेही नको. आजच्या डिस्क जास्त वेगासाठी बनवलेल्या असतात, फार कमी वेगात त्या उलट खराब लिहिल्या जाऊ शकतात. ढोबळ नियम असा: डिस्कवर छापलेल्या कमाल वेगाच्या निम्मा किंवा त्याहून थोडा कमी वेग निवडा. ५२ एक्सची सीडी १६ ते २४ एक्सवर, १६ एक्सची डीव्हीडी ८ एक्सवर. सॉफ्टवेअरमध्ये 'मॅक्स' निवडलेले असेल तर दुकानदाराला ते बदलायला सांगा. लिहून झाल्यावर 'व्हेरिफाय' करायला लावा आणि सीडी दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून पाहा.

पण चांगली लिहिलेली सीडी म्हणजे सिद्ध झालेला पुरावा नव्हे. याचा धडा जालन्यानेच देशाला दिला आहे. २०१४ च्या जालना विधानसभा निवडणुकीत अर्जुन खोतकर २९६ मतांनी विजयी झाले. उमेदवारी अर्ज वेळेनंतर स्वीकारला गेला, असा आक्षेप घेत कैलास गोरंट्याल हायकोर्टात गेले. निवडणूक अधिकाऱ्यांच्या कार्यालयातल्या चित्रीकरणाच्या सीडी हा तिथला महत्त्वाचा पुरावा होता, मात्र त्यांना कलम ६५-ब चे प्रमाणपत्र नव्हते. १४ जुलै २०२० रोजी सुप्रीम कोर्टाने स्पष्ट केले की, इलेक्ट्रॉनिक नोंदीची नक्कल दाखल करायची तर हे प्रमाणपत्र आवश्यक आहे. मूळ साधनच, म्हणजे आपला मोबाईल किंवा लॅपटॉप, त्याच्या मालकाने साक्षीच्या वेळी हजर केला तर त्याची गरज नाही. त्या खटल्यात वारंवार मागूनही प्रमाणपत्र मिळाले नव्हते आणि इतर पुरावाही होता, म्हणून निकाल टिकला. प्रत्येकाला असा आधार मिळेलच असे नाही.

१ जुलै २०२४ पासून नवा साक्ष अधिनियम लागू आहे. त्याच्या कलम ६३ मधील प्रमाणपत्राच्या नमुन्यात फाइलची हॅश व्हॅल्यू नोंदवावी लागते. हॅश म्हणजे फाइलचा अंगठाच. सीडी लिहिण्याआधी मूळ फाइलची हॅश काढा, लिहिल्यावर सीडीवरच्या फाइलची काढा. दोन्ही जुळल्या तर नक्कल अचूक आहे.

म्हणून मित्रांनो, व्हिडिओ व्हॉट्सअॅपवरून पाठवू नका, तिथे फाइल दाबली जाते आणि हॅश बदलते. केबलने मूळ फाइल घ्या. वेगवेगळ्या कंपन्यांच्या दोन डिस्कवर नक्कल करा. त्यांवर स्टिकर चिकटवू नका, त्या उन्हात ठेवू नका. आणि निकाल लागेपर्यंत मोबाईलमधला मूळ व्हिडिओ पुसू नका, मोबाईलही विकू नका. ज्याने धाडस करून चित्रीकरण केले, त्याचे धाडस दोन मिनिटांच्या घाईपायी वाया जाता कामा नये.