प्रवाळ-मत्स्यालयातील शेजार

समुद्रापासून शेकडो मैल दूर असलेल्या आपल्या इंदुरात खाऱ्या पाण्याचे मत्स्यालय बाळगणाऱ्यास लोक प्रथम पाण्याविषयी विचारतात. माझ्या मते अधिक अवघड प्रश्न शेजाराचा आहे. प्रवाळांच्या रानात दुर्बळ माशाला पळावयास वाट असते; २०० लिटरच्या काचपेटीत ती नसते.

लहान मासा गरीब असतो, हा समज प्रथम सोडावा. बोटाएवढा निळा डॅमसेल अवघ्या टाकीवर मालकी सांगतो. वैर विशेषतः सारख्या रंगाच्या व बांध्याच्या माशांत जुंपते. म्हणून जांभळा-पिवळा रॉयल ग्रामा आणि त्याच रंगांचा बायकलर डॉटीबॅक एकत्र ठेवू नयेत. लाजाळू फायरफिश आधी सोडावा, दांडगे मासे शेवटी. टाकीवर जाळी हवीच, कारण फायरफिश बिचकला की बाहेर उडी घेतो.

क्लाउनफिश प्रारंभी सारे नरच; जोडीतला वरचढ पुढे मादी होतो. तेव्हा लहान-मोठी दोनच पिल्ले घ्यावीत.

मँडरिन मात्र मारामारीने क्वचितच मरतो. तो उपासमारीने मरतो. दगडांवरचे सूक्ष्म कवचधारी जीव हाच त्याचा आहार, आणि सिक्स-लाइन रास त्याच ताटातले घास चपळाईने वेचतो. कुपोषण ओळखण्याची आम्हा बालरोगतज्ज्ञांना सवयच. दुकानात पोट खपाटीला गेलेला मँडरिन दिसला, की मी तो घेत नाही. धडधाकट मँडरिनही चांगल्या मुरलेल्या, दगडांनी समृद्ध टाकीतच आणावा, आणि तेथे रास नसावा.